मामांची ओळ

आमच्या शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच, पण त्यात वर्ड दोन होती. एक जुनं, एक नवं. मी लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. घरात जुना कुकर असतो, नवाही असतो, ज्याला जो आवडेल तो त्यानं लावावा. पण कुकर एकमेकांच्या शिट्ट्या काढून घेत नाहीत. ही दोघं घ्यायची.

शाळा प्रकाशा गावाच्या पुढं, शहाद्याकडं जाताना लागणाऱ्या एका गावात आहे. ऑफिसात आम्ही दोघंच. मी, आणि आमचे हेड क्लार्क, ज्यांना अख्खं गाव आप्पा म्हणतं. आप्पा टाईपरायटरवरून कॉम्प्युटरवर आले ते जुन्या वर्डच्या बोटाला धरून, आणि ते बोट त्यांनी पुढं कधी सोडलंच नाही. मग वरून येणारी पत्रकं त्या जुन्यात उघडेनाशी झाली. मुख्याध्यापकांनी नंदुरबारहून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, त्यानं नवं घातलं आणि रिवाजाप्रमाणे जुनं काढायला गेला, तर आप्पा त्याच्या आणि स्क्रीनच्या मधे येऊन उभे राहिले.

"त्याले हात लावू नको. मन्हं समदं काम त्यामा शे," आप्पा म्हणाले.

कॉम्प्युटरवाला गरीब स्वभावाचा. राहू द्या मग दोन्ही, असं म्हणून त्यानं चहा घेतला आणि दुपारची बस धरली. पुढचं निस्तरायला मी होतेच.

होतं असं की दोघांनाही वाटायचं, ह्या घराचं मालक आपण. मी सकाळी नव्यात काम करायचे. आप्पा आले की जुनं उघडायचे. ते उघडताना आधी एक छोटी खिडकी यायची, थांबा, मांडणी चालू आहे म्हणून, आणि खाली एक हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकायची. आप्पांचं झालं की मी नवं उघडायचे, आणि त्याचीही तीच खिडकी, तीच पट्टी. दिवसभर आम्ही दोघं आळीपाळीनं त्या पट्टीकडं बघत बसायचो. आप्पांनी त्यांना नावं ठेवली होती. जुनी ती जेठाणी, नवी ती देराणी. आमच्याकडं थोरल्या जावेला जेठाणी म्हणतात, धाकटीला देराणी. आप्पा म्हणायचे, एक चूल आहे, एक ओटा आहे, जी आत शिरेल ती आधी दुसरीचे डबे हलवून आपले लावते आणि मगच भाजी टाकते. हे त्यांना गमतीचं वाटायचं. मला वाटत नसे. माझा स्वभाव तापट आहे. सासूबाई म्हणतात, हिच्या डोक्यावर पापड भाजून निघेल.

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावायला लागले. तो बहुतेक वेळा धडगावच्या बाजूला डोंगरात कुठल्या तरी शाळेत असायचा आणि त्याची रेंज वळणावळणाला जायची. एकदा त्यानं सांगितलं, काळी खिडकी उघडा, मी सांगतो ती ओळ जशीच्या तशी लिहा, म्हणजे जुनं दर वेळी मांडामांड करायचं सोडून देईल. त्यानं एकेक अक्षर सांगावं, मी लिहावं, मधेच आवाज जावा, मी पुन्हा फोन लावावा. कशीबशी ती ओळ पुरी झाली, आणि खरंच, जेठाणीची पट्टी बंद झाली. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. नव्यासाठी तसलीच दुसरी ओळ होती. ती सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि रेंज गेली ती गेलीच. त्यामुळं देराणी शेवटपर्यंत आपली पट्टी दाखवत राहिली.

बाकीचे बखेडे मी माझ्या परीनं मिटवले. नव्यात लिहिलेली फाईल जुन्याला वाचता येत नसे, तर नव्याला सांगून ठेवलं की बाई, तू लिहिलेलं जुन्याच्या रीतीनं साठवत जा. स्क्रीनवर दोन चित्रं ठेवली, एकाखाली 'जुने' लिहिलं, एकाखाली 'नवे'. आप्पांना बजावलं की फाईलवर थेट टिचकी मारायची नाही, आधी आपलं वर्ड उघडायचं आणि त्यातून फाईल काढायची. थेट टिचकी मारली की कोण धावत येईल याचा नेम नव्हता. आप्पा हो म्हणायचे आणि पुढच्या घटकेला थेट टिचकी मारायचे.

एका गोष्टीवर मात्र मला तोड सापडत नव्हती. जुन्यात नीट एका पानावर बसणारं पत्र नव्यात उघडलं की अंग पसरायचं. ओळींमधलं अंतर थोडं वाढायचं, अक्षरं किंचित फुगायची, आणि मुख्याध्यापकांची सही दुसऱ्या पानावर एकटीच जाऊन बसायची. मी ती ओढून वर आणायचे. पत्राचं काय, चार ओळी इकडं, चार तिकडं. निभून जायचं.

आता पत्रिकेचं सांगते.

आमच्या गावात लग्नपत्रिका छापखान्यात लिहीत नाहीत, शाळेच्या ऑफिसात लिहितात. छापखाना नंदुरबारला, आणि पत्रिकेतली नावं काही एका बैठकीत संपत नाहीत. रोज कुणाला तरी एक विसरलेला मावसा आठवतो. मग तो घरधनी सायकलवर शाळेत येतो, मधल्या सुट्टीत आप्पांच्या टेबलाला टेकून उभा राहतो आणि म्हणतो, एक नाव ऱ्हाई गयं. आप्पा चष्मा चढवतात, जागा करतात, नाव बसवतात. कोण आधी, कोण नंतर, स्वर्गवासी कुठं, कोणत्या काकाच्या शेजारी कोणता काका चालत नाही, हे सगळं त्यांना पाठ. पक्की झालेली फाईल छापखान्याला जाते, तिथं फक्त शाई लागते. मुख्याध्यापकांना हे माहीत आहे. त्यांच्या घरची पत्रिकाही इथंच झाली.

आप्पांची पत्रिकेची एक खास रीत होती. ते पानावर चौकटी आखायचे. आजोबा-आजीची चौकट, काकांची चौकट, मामांची चौकट, खाली भाऊबंदांची लांबलचक, आणि तळाला पोरांची, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं. प्रत्येक चौकटीचं माप ते बोटानं स्क्रीनवर मोजून ठरवायचे, मग कडा अदृश्य करायचे. छापलेल्या पत्रिकेत चौकटी दिसत नसत, पण नावं आपापल्या जागी तोलून बसलेली दिसत. मला स्वतःला ती रीत फार आवडायची. असं देखणं काम करणारा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नव्हता.

मग आप्पांच्याच मुलीचं लग्न ठरलं.

आणि तेव्हापासून आप्पांच्या घरात एकच काळजी. मुलीचे मामा येणार की नाही? आप्पांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनींना भाऊ एकच, नंदुरबारला, मिरचीचा व्यापारी. थोरल्या मुलाच्या लग्नात आप्पांनी त्यांची पत्रिका बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवली होती. आमच्याकडं कंडक्टरच्या हाती डबे जातात, औषधं जातात, चाव्या जातात, आप्पांना त्यात काही वाटलं नाही. मामांना वाटलं. मी काय पार्सल आहे का, म्हणाले, आणि लग्नाला आले नाहीत. त्यानंतर त्यांनी बहिणीच्या घरचं पाणी सोडलं. राखीला वहिनी नंदुरबारला जाऊन यायच्या, तेवढी ते बांधून घ्यायचे. पण भाऊबीजेला भावानं बहिणीकडं यायचं असतं. वहिनी ताट करून ओट्यावर उभ्या राहायच्या, आणि मग चंद्राला ओवाळून आत जायच्या. भाऊ तासाभराच्या वाटेवर असताना. मी त्यांच्या शेजारच्याच गल्लीत राहते, ते ताट मी पाहिलेलं आहे, आणि दर वेळी मला त्या माणसाचा राग आला आहे.

लग्न ठरल्यावर वहिनी एकट्या नंदुरबारला जाऊन आल्या. भाऊ घरात बसा म्हणाले, एवढं झालं. येतो म्हणाले नाहीत. पत्रिका घेऊन दोघं या, मग बघू, असं म्हणाले. वहिनींना तेवढंही खूप होतं. नवरीला हाताला धरून मांडवात मामानं आणायचं असतं. दुसरा कुणी आणू शकतो, आणतातही, पण सगळा मांडव बघत असतो की तो दुसरा आहे.

आप्पांनी ती पत्रिका लिहायला घेतली तेव्हा मला मधे बोलायची सोय नव्हती. दुसऱ्यांच्या पत्रिकेत हात सरसर चालणारे आप्पा घरच्या पत्रिकेला अडखळत होते. मामांच्या चौकटीत वहिनींचे चुलत भाऊ, मावसभाऊ, सगळे होते, आणि शेवटी सख्ख्या मामांची ओळ एकटी. ती त्यांनी ठळक केली. मग मोठी केली. मग लांब सरकून बघितली आणि आणखी मोठी केली. मी म्हटलं, आप्पा, तुमच्या स्वतःच्या नावापेक्षा मोठी झाली. ते म्हणाले, होऊ दे. ओळ चौकटीच्या खालच्या कडेला अगदी टेकली होती, पण बसली होती. जुन्यात.

फाईल छापखान्याला गेली. छापखान्यानं नमुन्याचा फोटो मोबाईलवर पाठवला. आप्पांनी उन्हात उभं राहून तो बघितला, वर गणपती आहे, खाली पोरांची ओळ आहे, मधे स्वतःच लिहिलेलं आहे, त्यात काय बघायचं? छापा म्हणाले.

पत्रिकांचे गठ्ठे एका शनिवारी सकाळी आले. शाळा सकाळचीच होती. ठरलं असं की मी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावून द्यायचं, एक पत्रिका गणपतीपुढं ठेवायची, आणि लगेच दुसरी घेऊन आप्पा-वहिनींनी नंदुरबार गाठायचं. मामांच्या आधी कुणालाच द्यायची नाही. मी वाटीत कुंकू कालवत होते तेवढ्यात वहिनी ऑफिसच्या दारात आल्या. पायात चपला नव्हत्या. हातात फोन होता.

मामा बिलबुकं छापायला त्याच छापखान्यात गेले होते. छापखानेवाले प्रत्येक पत्रिकेचा एक नमुना भिंतीवर लावतात, गिऱ्हाइकाला निवडायला. तिथं त्यांनी भाचीची पत्रिका बघितली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात सगळे मामा होते, ते नव्हते. बहिणीला फोन करून ते म्हणाले होते, "तुम्हनी पत्रिका देखी मी. बरं व्हयनं. आते मन्ही वाट देखू नका." आणि फोन बंद करून टाकला होता.

मी गठ्ठ्यातली एक पत्रिका उघडली. खरंच नव्हते. मावसभावांवर यादी संपत होती आणि खाली कोरा कागद.

वहिनी रडल्या नाहीत. मला वाटतं, त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आप्पांकडं बघितलं आणि विचारलं, "मन्हा भाऊनं नाव कोन काढं?"

"मी सोता लिखेल शे," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी छापखान्याला फोन लावून तोंडाला येईल ते ऐकवलं. पलीकडचा माणूसही काही कमी नव्हता. तुमच्या फाईलमधे जे आहे ते छापलं, नाव नाहीच, येऊन बघा, म्हणाला. आप्पा खाली बसले. वहिनींनी आता माझ्याकडं तोंड केलं.

"ताई, तू खरं सांग. यास्नी त नही काढं?"

नवऱ्यावर त्यांचा संशय जावा, ह्याचं मला फार वाईट वाटलं. पण तो जाण्यासारखा होता, कंडक्टरची गोष्ट त्या घरात अजून ताजी होती. मी कॉम्प्युटरसमोर बसले. आधी 'जुने' उघडलं, त्यातून पत्रिका काढली. मामांची ओळ होती तिथंच होती, ठळक, टपोरी. आप्पांनी हात जोडले. मग ते बंद करून 'नवे' उघडलं. पट्टी सरकली. पत्रिका आली. ओळ नव्हती.

छापखान्यात नवंच असणार हे मला तेव्हा उमगलं, आणि मुख्याध्यापकांची ती एकटी सही आठवली. पत्राचं पान वाढतं, सही दुसऱ्या पानावर जाते, निदान दिसते तरी. चौकट वाढत नाही. आप्पांनी तिचं माप पक्कं करून ठेवलेलं. आतल्या ओळी नव्यात थोड्या थोड्या फुगल्या, एकमेकींना खाली ढकलत गेल्या, आणि जी सगळ्यात शेवटी होती, सगळ्यात मोठी होती, ती कडेच्या खाली गेली. पुसली गेली नव्हती. फक्त दिसत नव्हती. चौकटीत टिचकी मारून खाली जाणारी कळ दाबली, तर लिहायच्या जागेवर लुकलुकणारी रेघ कडेच्या पलीकडं जाऊन दिसेनाशी झाली, म्हणजे पलीकडं काहीतरी होतं. मी चौकटीची खालची कड धरून ओढली. मामा आले.

"वहिनी, कोनीच काढं नही. नाव शे," मी म्हटलं.

आप्पा ताडकन उठले. असंच साठव, म्हणाले, छापखान्याला पाठव, नव्या पत्रिका होऊ दे, मी त्या घेऊन जातो. मी कड होती तिथं नेऊन सोडली आणि फाईल न साठवता बंद केली. आप्पांना वाटलं, माझं डोकं फिरलं. मी त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं, आता नवी पत्रिका घेऊन गेलात तर ते काय म्हणतील? पकडले गेले म्हणून मागाहून घातलं, असंच म्हणतील ना? ह्या पत्रिकेत काय झालं ते त्यांनी बघायला पाहिजे, आणि ते ह्याच कॉम्प्युटरवर दिसेल. मला मोठ्या माणसांशी असं बोलू नये हे कळतं. पण वहिनी उठल्या. मी जाते, म्हणाल्या. माझ्या टेबलाखालच्या चपला त्यांनी पायात घातल्या आणि चुकीची पत्रिका पदराखाली घेऊन त्या बसस्टँडकडं गेल्या.

त्यांनी भावाला काय सांगितलं ते मला नंतर कळलं. समजावलं नाही, पाया पडल्या नाहीत. खळ्यावर, जिथं मिरची वाळत घालतात, तिथं त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या की माझ्यावर विश्वास ठेवू नको, चल आणि डोळ्यांनी बघ, त्यात तुझं नाव नसेल तर मी पुन्हा राखीलासुद्धा येणार नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर मामा आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि अंगाला मिरचीचा असा वास की दारातून आत पाऊल टाकताच आप्पांना शिंक आली. मग मला. मग त्यांच्या मागून आलेल्या शिपायाला. वहिनी आत आल्या नाहीत, व्हरांड्यात खांबाला धरून उभ्या राहिल्या. आप्पांनी खुर्ची पुसून दिली. मामा बसले नाहीत.

"दखाड," ते मला म्हणाले.

मी 'नवे'वर टिचकी मारणार होते. पण घाबरलेल्या आप्पांनी माझ्या आधी माऊस धरला आणि आयुष्यभराच्या सवयीनं थेट फाईलवर टिचकी मारली. धावत आली ती जेठाणी. पत्रिका उघडली, आणि मामांचं नाव ठळक, टपोरं, जागच्या जागी.

मामा वाकले, त्यांनी ते वाचलं आणि सरळ उभे राहिले. "आठे त शे," ते म्हणाले. "मंग छापतानाच काढं ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आप्पांवर, त्या दोन जावांवर, धडगावच्या रेंजवर, सगळ्यांवर. मी आप्पांच्या हातातून माऊस घेतला, ते बंद केलं आणि नवं उघडलं. खिडकी आली. थांबा, मांडणी चालू आहे. हिरवी पट्टी सरकू लागली. मामा दाराकडं बघत होते. व्हरांड्यात वहिनी खांबावर नख घासत होत्या. मी बोलत राहिले, गप्प बसले असते तर तो माणूस गेला असता. हे दुसरं आहे, म्हटलं, छापखान्यात हेच आहे, हे उघडायला वेळ लावतं, आणखी थोडंच. मधेच मला शिंक आली. आप्पांना आली. मामा स्वतःही शिंकले, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला तेव्हा ते खुर्चीवर टेकले. पट्टी संपली.

पत्रिका आली. मावसभावांच्या खाली कोरं.

"हाई छापखानानं," मी म्हटलं. मग माऊस त्यांच्याकडं सरकवला. "तुम्हीच ओढा. हाई कड धरा ना खाले ओढा."

त्यांनी माऊस कधी धरला नसावा. मी बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं. त्यांचा पंजा मोठा, त्यात तो माऊस पार बुडाला. पहिल्यांदा कड सुटली. दुसऱ्यांदा धरली गेली आणि चौकट सावकाश खाली उतरायला लागली. आधी अक्षरांचे वरचे शेंडे दिसले, मग अर्धी अक्षरं, मग पूर्ण नाव. मामा माऊस धरूनच बसले. एकदा नाव वाचलं. मग नजर वर गेली, काकांवरून, आजोबांवरून, आप्पांच्या नावापर्यंत, आणि पुन्हा खाली आली. आप्पांचं नाव त्यांच्या निम्म्यानं होतं.

"इतलं मोठं कसाले करं?" त्यांनी विचारलं.

आप्पा खिडकीकडं तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत. "मागे आम्ही कमी पडनूत," ते म्हणाले. "म्हनीसन."

बाहेर पाचवीचा वर्ग पाढे म्हणत होता. मामांनी रुमालानं नाक पुसलं, डोळे पुसले. मिरचीचा वास सगळ्यांनाच झोंबत होता, पण मी त्यांच्या शेजारी होते आणि मला माहीत आहे की ते मिरचीचं नव्हतं.

"मी पोरना मामा शे," ते शेवटी म्हणाले, "इलेक्शनमा उभा नही. सगळासारखं करा."

मी ती ओळ निवडली. तिचा ठळकपणा काढला आणि अक्षरं बाकीच्या मामांएवढी केली. मग चौकटीची कड पुन्हा जुन्या जागी नेली, तरी ती आत बसली, खाली थोडी जागा उरवून. मी साठवलं, बंद केलं, जुन्यात उघडलं. बसली होती. पुन्हा नव्यात उघडलं, आणि ती पट्टी सरकत असताना ह्या खेपेला कुणीच दाराकडं बघत नव्हतं. तिथंही बसली होती.

मामा उठले. दारात जाऊन त्यांनी व्हरांड्यातल्या बहिणीकडं बघितलं, तिच्या पायाकडं बघितलं. तिच्या पायात माझ्याच चपला होत्या.

"चाल वं बाई. घर चाल. च्या ठेव," ते म्हणाले.

वहिनी पुढं, मामा मागं, असे ते दोघं फाटकातून गेले. आप्पांना बराच वेळ कळलं नाही की चहाला त्यांनीही जायचं आहे. मी सांगितलं तेव्हा ते चष्मा टेबलावर विसरून धावले. मी रागावलेलीच होते अजून, कशावर ते मला सांगता येणार नाही, आणि एकीकडं रडत होते.

छापखान्यानं दुसऱ्या दिवशी नव्या पत्रिका दिल्या. पहिली गणपतीपुढं, दुसरी आप्पा आणि वहिनी नंदुरबारला घेऊन गेले, दोघं शेजारी बसून, आणि मुद्दाम त्याच कंडक्टरच्या बसनं. लग्नात नवरीला मांडवात मामांनी आणलं. चुकीच्या पत्रिकांचे गठ्ठे ऑफिसात पडून आहेत. त्यांची पाठ कोरी आहे, आम्ही त्यावर वर्गांना निरोप पाठवतो. कॉम्प्युटरवाला पुढच्या वेळी आला तेव्हा आप्पांनी स्वतः खुर्ची रिकामी करून दिली आणि जेठाणीला काढायला लावलं. त्या दुपारी ते जेवले नाहीत. आता ते नव्यावर लिहितात, चौकटी आखतात, पण खाली बोटभर जागा सोडून.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी फराळाचा डबा द्यायला आप्पांकडं गेले होते. दिवस मावळला होता. वहिनी नेहमीसारख्या ताट घेऊन ओट्यावर उभ्या होत्या, निरांजन पदरानं झाकून. आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. चंद्र अजून दिसला नव्हता. मी डबा ठेवून वळले, आणि गल्लीत कोणी दिसायच्या आधीच मला शिंक आली.